प्रकाशाचा वेग मोजणारे शिक्षक : आल्बर्ट मायकेलसन

पावसाळ्याच्या आरंभीं सोनपेठच्या शिवारावर ढग दाटून आले म्हणजे वीज आधीं दिसते आणि गडगडाट मागाहून ऐकूं येतो, हें येथील लहान मुलासहि ठाऊक असतें. वीज व गडगडाट यांमधील सेकंद मोजून, दर तीन सेकंदांस सुमारें एक किलोमीटर या हिशेबानें, वीज किती दूर चमकली हें आपल्या वरच्या वर्गांतील विद्यार्थी सहज सांगतात. परंतु हा हिशेब करतांना आपण एक गोष्ट न बोलतां गृहीत धरतों. ती ही कीं, वीज ज्या क्षणीं चमकली त्याच क्षणीं ती आपणांस दिसली. वास्तविक प्रकाशासहि वाट चालावी लागते व त्या वाटेस वेळ लागतो. मात्र तीन किलोमीटरांवरून येणाऱ्या आवाजास जेथें सुमारें नऊ सेकंद लागतात, तेथें प्रकाशास एका सेकंदाचा एक लक्षांश भाग पुरतो.

असला हा लक्षांश सेकंद मोजण्याचें काम एका तरुण शिक्षकानें वर्गांतील धड्याच्या तयारीपासून आरंभिलें आणि मृत्युशय्येवरहि तें सोडलें नाहीं. त्या शिक्षकाचें नांव आल्बर्ट आब्राहम मायकेलसन. त्यांच्या चरित्राचा परिचय आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस करून द्यावा, अशा हेतूनें हा लेख लिहिला आहे.

आल्बर्टचा जन्म 19 डिसेंबर 1852 रोजीं स्ट्रेल्नो या गांवीं झाला. हें गांव आज पोलंड देशांत आहे. त्या काळीं तें प्रशियाच्या राज्यांत मोडत असे. वडील सॅम्युएल हे व्यापारी असून कुटुंब ज्यू होतें. आल्बर्ट दोनतीन वर्षांचा असतांनाच मायबापांनीं देश सोडला व अमेरिकेची वाट धरली. कॅलिफोर्नियांत सोनें सांपडल्याची वार्ता तेव्हां जगभर पसरली होती. सॅम्युएल यांनीं मात्र सोनें खणलें नाहीं. खणणारांस लागणारा माल विकण्याचें दुकान त्यांनीं मर्फीज कँप नांवाच्या खाणवस्तींत घातलें, आणि पुढें नेव्हाडांतील व्हर्जिनिया सिटी या रुप्याच्या खाणींबद्दल प्रसिद्ध असलेल्या गांवीं बिऱ्हाड हलविलें.

अशा वस्तींत शिक्षणाची सोय बेताचीच असावयाची. म्हणून मुलास सॅन फ्रान्सिस्को शहरीं शिकावयास ठेवण्यांत आलें. तेथील मुलांच्या हायस्कुलाचे मुख्याध्यापक थिओडोर ब्रॅडली यांनीं या मुलाच्या हातांतील कसब ओळखलें. शाळेंतील शास्त्रीय उपकरणांची निगा राखण्याचें काम त्यांनीं आल्बर्टकडे सोपविलें, आणि त्याबद्दल त्यास ते दरमहा तीन डॉलर देत. आमच्या मतें या चरित्रांतील पहिली महत्त्वाची घटना हीच होय. ज्या मुलास इतर मुलांनीं केवळ दुरून पाहावयाचीं उपकरणें रोज हाताळावयास मिळालीं, त्यास भिंगाचा व आरशाचा स्वभाव पुस्तकाच्या आधींच कळला. कित्येक शाळांतून अशीं उपकरणें कपाटांत कुलुपाआड ठेवलेलीं असतात व तीं केवळ तपासणीच्या दिवशीं बाहेर निघतात, हें येथें सहज आठवतें.

इ. स. 1869 मध्यें शाळेचें शिक्षण संपलें. पुढील शिक्षणाचा खर्च झेपण्यासारखा नसल्यामुळें, जेथें शिक्षण फुकट मिळे अशा ॲनापोलिस येथील नौदलाच्या विद्यालयांत जाण्याचें ठरलें. नेव्हाडाच्या वांट्यास आलेल्या एका जागेसाठीं परीक्षा झाली. आल्बर्ट पहिल्यांत आला, परंतु तेवढेच गुण दुसऱ्याहि उमेदवारास मिळाले होते आणि जागा त्या दुसऱ्यास देण्यांत आली. तेव्हां तेथील लोकप्रतिनिधि टॉमस फिच यांनीं राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या नांवें एक शिफारसपत्र लिहून दिलें. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जाणारा लोहमार्ग त्याच वर्षीं पुरा झाला होता. त्या मार्गानें सोळा वर्षांचा हा मुलगा वॉशिंग्टनला गेला आणि प्रत्यक्ष राष्ट्राध्यक्षांपुढें उभा राहिला. राष्ट्राध्यक्षांच्या हातच्या सर्व जागा भरून गेल्या होत्या. तथापि अखेरीस नियमास थोडी मुरड घालून त्याच्यासाठीं एक अधिक जागा काढण्यांत आली. आपल्या आयुष्याचा आरंभ एका बेकायदेशीर कृत्यानें झाला, असें मायकेलसन पुढें थोर पदास पोंचल्यावर विनोदानें सांगत असत.

विद्यालयांतील त्याची प्रगति मोठी गमतीची आहे. 1873 सालीं उत्तीर्ण झालेल्या 29 विद्यार्थ्यांत तो प्रकाशशास्त्रांत पहिला होता आणि नौकानयनांत पंचविसावा! विद्यालयाचे प्रमुख ॲडमिरल वॉर्डन यांनीं त्यास एकदां समज दिली कीं, शास्त्राकडील लक्ष कमी करून तें तोफखान्याकडे दिल्यास तूं कधीं तरी देशाच्या उपयोगीं पडशील. उपदेश हितबुद्धीनेंच केलेला होता. तो मानला गेला नाहीं, हें देशाचें भाग्य म्हणावयाचें.

दोन वर्षें समुद्रावर काढल्यानंतर 1875 सालीं मायकेलसन त्याच विद्यालयांत पदार्थविज्ञान व रसायन या विषयांचे शिक्षक म्हणून परत आले. 1877 मध्यें त्यांचा विवाह मार्गारेट हेमिंग्वे यांच्याशीं झाला. या बाईंचे आप्त विल्यम सॅम्प्सन हेच त्या विभागाचे प्रमुख होते. त्यांनीं या तरुण शिक्षकास सुचविलें कीं, प्रकाशाचा वेग केवळ तोंडानें न शिकवितां फूको यांचा प्रयोग वर्गांत प्रत्यक्ष करून दाखवावा. नौदलाच्या कॅडेटांपुढील एका तासाची तयारी, एवढेंच हें काम होतें. तें पुढें त्रेपन्न वर्षें चाललें.

फूको यांचा प्रयोग समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. प्रकाशास वेग आहे कीं तो तत्क्षणीं सर्वत्र पोंचतो, हा वाद फार जुना. गॅलिलिओनें दोन माणसांच्या हातीं झांकणाचे कंदील देऊन त्यांस दूर उभें करण्याची युक्ति सुचविली होती. पण माणसाच्या हाताचा वेग येथें कोठें पुरणार? डेन्मार्कच्या रोमर यांनीं 1676 सालीं गुरूच्या उपग्रहाचीं ग्रहणें कधीं वेळेआधीं तर कधीं उशिरानें कां होतात याचा विचार करून, प्रकाशास वेळ लागतो हें दाखवून दिलें. आकाशांतील अंतरें अफाट असल्यामुळें तेथें हा वेळ मिनिटांनीं मोजतां येतो. पृथ्वीवर तो प्रथम मोजला फ्रान्सच्या फिझो यांनीं, 1849 सालीं. 720 दांत्यांचें एक चाक वेगानें फिरवून त्याच्या फटींतून प्रकाश पाठवावयाचा, 8,633 मीटरांवरील आरशावरून तो परतवावयाचा, आणि तो परत येईतों फटीच्या जागीं पुढील दांता येऊन प्रकाश अडतो काय हें पाहावयाचें, अशी त्यांची रीत होती. त्यांचें उत्तर सेकंदास सुमारें 3,15,000 किलोमीटर आलें. तें खऱ्यापेक्षां बरेंच अधिक होतें.

फूको यांनीं चाकाच्या जागीं आरसा आणला. एक लहान आरसा गरगर फिरत आहे. त्यावर प्रकाशाचा किरण पडतो, तेथून तो दूरच्या एका स्थिर आरशाकडे जातो आणि आल्या वाटेनें परत फिरतो. किरण परत येईतों फिरता आरसा यत्किंचित् वळलेला असतो. त्यामुळें किरण निघाल्या ठिकाणीं बरोबर न परततां किंचित् बाजूस पडतो. हें किंचित् अंतर, आरशाच्या फेऱ्यांची संख्या आणि दोन आरशांमधील अंतर एवढ्या तीन गोष्टी मोजल्या कीं प्रकाशाचा वेग त्रैराशिकासारखा निघतो. 1862 सालीं फूको यांनीं तो सुमारें 2,98,000 किलोमीटर ठरविला. परंतु त्यांच्या प्रयोगांत किरणाची वाट अवघी वीस मीटर लांब होती, आणि म्हणून किरण बाजूस सरकला तो एक मिलिमीटरहूनहि कमी. एवढ्याशा अंतरांत केसभर चूक झाली तरी ती शेवटच्या आकड्यांत कित्येक शेकडे किलोमीटरांची होते.

धड्याची तयारी करतांना मायकेलसन यांच्या लक्षांत आलें तें हेंच. प्रयोगाची कल्पना निर्दोष आहे. वाट मात्र आखूड आहे. ती लांबवावी तर किरण पसरतो व परत येईतों फिकट होतो. यावर त्यांनीं उपाय काढला तो असा कीं, लांब नाभ्यंतराचें एक भिंग वाटेंत ठेवावें आणि दूर टोकास फूको यांच्या अंतर्वक्र आरशाऐवजीं सपाट आरसा लावावा. म्हणजे किरण पसरत नाहीं आणि वाट हवी तितकी लांबवितां येते. आज हें वाचतांना सोपें वाटतें. परंतु यापूर्वींच्या पंधरा वर्षांत हें कोणास सुचलें नव्हतें, ही गोष्ट विसरतां कामा नये. विद्यालयांत होतीं नव्हतीं तीं भिंगें गोळा करून व पदरचे सुमारें दहा डॉलर खर्चून त्यांनीं 1878 सालीं पहिला प्रयोग केला. उत्तर इतकें चांगलें आलें कीं त्यांचे सासरे आल्बर्ट हेमिंग्वे यांनीं पुढील उपकरणांसाठीं दोन हजार डॉलर दिले. जांवयास आरसे व भिंगें घेण्यासाठीं पैसे देणारे सासरे विरळाच, आणि म्हणून त्यांचें नांव येथें मुद्दाम दिलें आहे.

ॲनापोलिसच्या विद्यालयास लागून समुद्राच्या काठानें एक बांध आहे. त्या बांधावर 1879 च्या उन्हाळ्यांत प्रयोगाची मांडणी झाली. दोन आरशांमधील अंतर 1,986 फूट, म्हणजे सुमारें 605 मीटर होतें. हें अंतर पोलादी फितीनें वारंवार मोजलें, आणि ती फीतहि ताणानें व उष्णतेनें किती वाढते हें तपासून घेतलें. फिरता आरसा रुपयाहून थोडा मोठा होता. तो दाबलेल्या हवेच्या झोतानें सेकंदास सुमारें 257 फेरे घेई, आणि फेऱ्यांची संख्या नादकाट्याच्या कंपनांशीं ताडून पाहिली जाई. दुपारीं बांध तापला म्हणजे त्यावरील हवा थरथरते व प्रतिमा नाचूं लागते. उन्हाळ्यांत डांबरी रस्त्यावर आपण ही थरथर पाहतोंच. म्हणून सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्तापूर्वींचा सुमारें एकेक तास एवढाच वेळ कामाचा. प्रकाशास जाऊन येण्यास सेकंदाच्या दहा लक्ष भागांपैकीं चार भाग लागत. तेवढ्यांत आरसा एका फेऱ्याचा सुमारें हजारावा भाग वळे. परंतु वाट लांब असल्यामुळें किरण आतां 13 सेंटिमीटरांहून अधिक बाजूस पडे, म्हणजे फूको यांच्याहून जवळजवळ दोनशें पट. जें पूर्वीं सूक्ष्मदर्शकांतून पाहावें लागे, तें आतां पट्टीनें मोजण्याजोगें झालें.

जून 5 ते जुलै 2 या अवधींत शंभर निरीक्षणें नोंदलीं गेलीं. त्यांवरून निघालेला आकडा, पुढें दुरुस्त्या होऊन, निर्वातांत सेकंदास 2,99,910 किलोमीटर असा ठरला. त्यांत पन्नास किलोमीटर इकडेतिकडे होऊं शकतील, असेंहि त्याबरोबर सांगितलें होतें. उत्तराइतकेंच महत्त्व उत्तराच्या संशयास आहे, ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं नीट पाहून ठेवावी. आपल्याकडे प्रयोगवहींत उत्तर पुस्तकाशीं तंतोतंत जुळविण्याची जी चाल पडली आहे, ती या शास्त्रज्ञास मुळींच मानवली नसती. आज माहीत असलेल्या वेगाहून त्यांचा आकडा सुमारें 118 किलोमीटरांनीं अधिक आहे. म्हणजे दर अडीच हजारांत एकाची चूक. सत्तावीस वर्षांहून लहान असलेल्या त्या शिक्षकाचें नांव या एका मापनानें सर्व शास्त्रीय जगांत झालें.

येथें थोडें विषयांतर करतों. असा प्रयोग आपल्या शाळेंत करतां येईल काय, असें कोणी विचारील. फिरता आरसा व सहाशें मीटरांची मोकळी जागा जुळविणें कठीण. परंतु हल्लीं पुष्कळ घरांत मायक्रोवेव्ह ओव्हन आला आहे, आणि त्यांतील लहरी ह्या प्रकाशाच्याच कुळांतील असून प्रकाशाच्याच वेगानें जातात. त्यांतील फिरती थाळी वडील मंडळींच्या देखत काढून ठेवावी, कच्चे पापड पसरावेत, आणि थोडा वेळ ओव्हन चालवून बंद करावा. पापड सर्व ठिकाणीं सारखा फुलत नाहीं. कांहीं ठिकाणीं आधीं फुलतो. अशा दोन शेजारच्या ठिकाणांमधील अंतर साधारणतः सहा सेंटिमीटर भरतें, आणि तें लहरीच्या निम्म्या लांबीइतकें असतें. त्याची दुप्पट करून, ओव्हनच्या पाठीवर लिहिलेल्या कंपनसंख्येनें, बहुधा 2,450 मेगाहर्ट्झनें, गुणिलें कीं सेकंदास तीन लक्ष किलोमीटरांच्या जवळपासचा आकडा येतो. तो दहांत एकानें चुकला तरी हरकत नाहीं. किती चुकला व कां चुकला हें वहींत लिहावें म्हणजे झालें.

आतां मूळ चरित्राकडे वळूं. 1880 सालीं रजा घेऊन मायकेलसन युरोपांत गेले व बर्लिन येथें हेल्महोल्ट्झ यांच्या प्रयोगशाळेंत काम करूं लागले. प्रकाश ज्यांतून वाहतो असा ईथर नांवाचा एक पदार्थ सर्व विश्वांत भरलेला आहे, असें तेव्हां सर्व विद्वान मानीत. तसें असेल तर सेकंदास सुमारें 30 किलोमीटर वेगानें सूर्याभोंवतीं फिरणाऱ्या पृथ्वीवर ईथरचा वारा लागला पाहिजे. आणि नदींत प्रवाहाच्या दिशेनें पोहणें व आडवें पोहणें यांस जसा निरनिराळा वेळ लागतो, तसा प्रकाशासहि लागला पाहिजे. हा फरक पकडण्यासाठीं त्यांनीं एक अपूर्व यंत्र रचलें. एकाच किरणाचे दोन भाग करून ते परस्परांशीं काटकोनांत पाठवावयाचे, पुन्हां एकत्र आणावयाचे आणि त्यांच्या मिलनानें पडणारे काळेपांढरे पट्टे सरकतात काय हें पाहावयाचें. यास इंटरफेरोमीटर म्हणतात. 1881 सालीं पॉट्सडाम येथें प्रयोग झाला. पट्टे सरकले नाहींत.

त्याच वर्षीं त्यांनीं नौदल सोडलें आणि नंतर क्लीव्हलंड येथील केस विद्यालयांत ते प्राध्यापक झाले. तेथें त्यांनीं प्रकाशाचा वेग पुन्हां मोजला. 1885 मध्यें अतिश्रमानें त्यांचें मनःस्वास्थ्य बिघडलें व उपचारांसाठीं न्यूयॉर्कला जावें लागलें. पुढील वर्षीं विद्यालयास आग लागून उपकरणें जळालीं. एवढें झाल्यावर दुसरा कोणी स्वस्थ बसला असता. परंतु शेजारच्या महाविद्यालयांतील रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड मोर्ले यांची त्यांस साथ मिळाली. दीड मीटर लांबरुंद अशी जाड दगडी शिळा पाऱ्यावर तरंगत ठेवून त्यावर त्या दोघांनीं आरसे बसविले, जेणेंकरून धक्का न बसतां सर्व यंत्र हळूहळू फिरवितां यावें. 1887 च्या जुलैंत प्रयोग झाला. ईथरचा वारा असेल तर पट्ट्यांनीं जितकें सरकावयास हवें होतें, त्याच्या विसाव्या भागाइतकेहि ते सरकले नाहींत.

मायकेलसन यांस हें अपयश वाटलें. त्यांस ईथर हवा होता. आयुष्याच्या अखेरपर्यंत तो त्यांच्या मनांतून गेला नाहीं. पण जें दिसलें नाहीं तें दिसलें असें त्यांनीं लिहिलें नाहीं, आणि प्रतिकूल उत्तर जसेंच्या तसें छापून टाकलें. 1905 मध्यें आइन्स्टाइन यांनीं प्रकाशाचा वेग सर्वांस सारखाच भासतो या गृहीतावर आपला सापेक्षतेचा सिद्धांत उभारला, तेव्हां या नकाराची खरी किंमत जगास कळली. प्रयोग करणाऱ्यास जें हवें होतें त्याच्या उलट उत्तर आलें आणि तेंच त्याचें सर्वांत मोठें काम ठरलें, असा हा विलक्षण प्रकार आहे.

पुढील कालखंड थोडक्यांत सांगतों. 1889 मध्यें ते क्लार्क विद्यापीठांत गेले व 1892 मध्यें शिकागो विद्यापीठांत पदार्थविज्ञान विभागाचे प्रमुख झाले. त्याच सुमारास पॅरिसजवळ मीटरची प्रमाण पट्टी ठेवलेली होती तेथें जाऊन, कॅडमियम धातूच्या तांबड्या प्रकाशाच्या 15,53,163.5 लहरी म्हणजे एक मीटर, असें त्यांनीं मोजून दाखविलें. पदार्थविज्ञानाचीं मुख्य तत्त्वें बहुतेक सांपडलीं असून पुढील शोध दशांशाच्या सहाव्या स्थळीं लागतील, असें ते 1894 सालीं एका व्याख्यानांत म्हणाले. दुसऱ्याच वर्षीं क्ष-किरण सांपडले! 1907 मध्यें त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. शास्त्रविषयांत तें मिळविणारे ते पहिले अमेरिकन होत. 1920 मध्यें त्यांच्याच पद्धतीनें काक्षी तारकेचा व्यास मोजण्यांत आला. सूर्याखेरीज अन्य ताऱ्याचा व्यास मोजण्याची ती पहिली वेळ होय.

त्यांचा स्वभाव मात्र सर्वांस मानवेल असा नव्हता. शिक्षक म्हणून त्यांचें नांव घेत असलों तरी संशोधक शिष्यांस हाताशीं धरून शिकविणें त्यांस आवडत नसे. ते एकटेच काम करीत आणि शिष्य दुसऱ्यांकडे सोपवीत. पहिला विवाह टिकला नाहीं. दुसरा 1899 मध्यें एडना स्टँटन यांच्याशीं झाला व तो सुखाचा ठरला. ते व्हायोलिन वाजवीत, चित्रें रंगवीत आणि टेनिस उत्तम खेळत.

वयाची सत्तरी उलटल्यावर ते पुन्हां आपल्या पहिल्या प्रश्नाकडे वळले. कॅलिफोर्नियांत माउंट विल्सन या पर्वतावर वेधशाळा आहे. तेथून सुमारें 35 किलोमीटरांवर सॅन अँटोनिओ हें शिखर आहे. सोनपेठहून परभणीच्या दिशेनें सरळ रेषेंत निघालें तर परभणी येण्याच्या थोडें अलीकडे थांबावें, एवढें हें अंतर. सरकारच्या भूमापन खात्यानें तें अत्यंत काळजीनें मोजून दिलें. या शिखरावरून त्या शिखरावर किरण पाठवावयाचा व परत आणावयाचा. आणि या वेळीं फिरता आरसा अष्टकोनी. त्याचा वेग सेकंदास सुमारें 528 फेरे असा ठेवला म्हणजे किरण जाऊन येईतों आरशाची पुढील बाजू पहिल्या बाजूच्या नेमक्या जागीं येई, आणि प्रतिमा जणूं हललीच नाहीं अशी स्थिर दिसे. बाजूस सरकलेलें अंतर मोजण्याची गरजच जवळजवळ उरली नाहीं. 1926 मध्यें उत्तर निघालें तें 2,99,796 किलोमीटर, चार किलोमीटर इकडेतिकडे.

तरीहि समाधान झालें नाहीं. दोन पर्वतांमधील हवा किरणास थोडी मंद करते, आणि त्या हवेचें तापमान व दाब वाटेंतील प्रत्येक ठिकाणीं कोण मोजणार? म्हणून हवाच काढून टाकावी असें त्यांनीं ठरविलें. कॅलिफोर्नियांतील सांता आना गांवाजवळ एका मोठ्या शेतमळ्यांत पोलादी पत्र्याची एक मैल लांब व तीन फूट रुंद अशी नळी घालण्यांत आली. पंपांनीं तींतील हवा उपसून घेतली, आणि आरशांच्या साहाय्यानें किरण तींतून अनेक वेळां मागेंपुढें नेऊन आठदहा मैलांची वाट साधली. या वेळचा फिरता आरसा बत्तीस बाजूंचा होता. फ्रान्सिस पीज व फ्रेड पिअर्सन हे दोघे सहकारी नळीजवळ राबत, आणि मायकेलसन प्रकृति खालावल्यामुळें बहुतेक काळ अंथरुणावरून त्यांची वार्ता घेत. 1931 च्या आरंभीं आइन्स्टाइन कॅलिफोर्नियांत आले असतां त्या दोघांची भेट झाली. त्याच वर्षाच्या वसंतांत मापनांची पहिली मालिका हातीं आली, तेव्हां अंथरुणास खिळलेल्या त्या वृद्धानें पीज यांस शेजारीं बसवून निबंधाचा आरंभ सांगून लिहवून घेतला. कांहीं दिवसांनीं, 9 मे 1931 रोजीं, पासाडेना येथें त्यांचें निधन झालें. वय अठ्ठ्याहत्तर वर्षांचें होतें.

पीज व पिअर्सन यांनीं काम थांबविलें नाहीं. अडीच हजारांहून अधिक निरीक्षणें घेऊन त्यांनीं 1935 मध्यें मायकेलसन यांचें नांव पहिलें ठेवून निबंध प्रसिद्ध केला. उत्तर होतें 2,99,774 किलोमीटर. चमत्कार असा कीं, एवढ्या खर्चाच्या निर्वात नळींतून निघालेला हा आकडा पर्वतांवरील आकड्याहून कमी अचूक होता. आज प्रकाशाचा वेग सेकंदास 2,99,792.458 किलोमीटर मानतात. नळीचें उत्तर त्याहून अठरा किलोमीटरांनीं कमी पडलें, तर 1926 चें उत्तर चार किलोमीटरांहूनहि कमी चुकलें होतें. 1983 पासून हा वेग मोजलाहि जात नाहीं. तो ठरविलेलाच आहे, आणि त्या वेगानें प्रकाश सेकंदाच्या 29,97,92,458 व्या भागांत जितका जातो तितक्या अंतरास मीटर म्हणतात. शाळेच्या कपाटांतील मीटरपट्टीवरील लांबीहि आतां याच आकड्यावरून ठरते.